मुद्देमालातून फरार झालेला पारा

ते प्रकरण आठवलं की आजही माझ्या नाकाशी एरंडेलाचा वास येतो. साठचं दशक सरत आलं होतं, मी बंगळुरात सबइन्स्पेक्टर होतो. चिकपेटेतल्या एका सराफानं खबर दिली, "साहेब, एक माणूस पांढरी पडलेली सोन्याची अंगठी तापवून मागतोय. पारा लागलाय तिला." त्याच आठवड्यात एका संशोधन संस्थेनं प्रयोगशाळेतला पारा कमी होत असल्याची फिर्याद दिली होती. अंगठीवाला तिथलाच शिपाई निघाला. म्हटलं, चला, सापडला चोर!

शिपाई आमच्यातलाच, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेला मराठी माणूस. त्याची नोकरी कायम होण्याचा हुकूम यायचा होता. चोरीचा ठपका बसला की कायमचा घरी. बिचारा हात जोडून माझ्यापुढे उभा होता.

"अण्णा, देवाशपथ, मी पाऱ्याला हात लावला नाही! प्रयोगवाल्या बाई म्हणतात, हे जंतूंचं काम असेल."

"जंतू? मला काय खुळा समजतोस?" मी खेकसलो आणि तणतणत चहाला निघून गेलो.

परत येतो तर हवालदार खुशीत. गडी कन्नड, मराठी स्वल्पच कळायचं. जंतू म्हणजे जंत, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. "सार, यानं पारा गिळलाय. पोटातले जंत खातात म्हणतो. सरी, ठीक आहे म्हटलं, एरंडेल पाजलं."

संडासाच्या दाराशी एक कॉन्स्टेबल पहाऱ्यावर उभा! मुद्देमाल काही निघाला नाही. बाकी सगळं निघालं.

मी कपाळावर हात मारला आणि त्या बाईंना बोलावून घेतलं. बाई आधी पोटभर हसल्या, मग शिपायाला म्हणाल्या, "अंगठी कुठं ठेवता हो तुम्ही?"

"बाटल्या धुताना काढतो. तुमच्या चिखलाच्या बाटल्यांच्या कपाटात, खिळ्याला."

"बघा! बाटल्यांत पाऱ्याचा नुसता क्षार विरघळवलाय. तो कापसाच्या बोळ्यातून उठून खिळ्यापर्यंत कसा जाईल? चिखलातले सूक्ष्मजंतू त्याचा परत पारा करतात, आणि त्या पाऱ्याची वाफ उडून खिळ्यावरच्या अंगठीला लागते."

"कोर्टात हे कोण ऐकणार, बाई? पुरावा द्या."

त्यांनी दोन बाटल्या दिल्या. एक उकळून जंतू मारलेली, दुसरी तशीच. मी दोन्ही मुद्देमालाच्या खोलीत ठेवल्या, दाराला सील ठोकलं, किल्ली कमरेला. काही दिवसांनी बाईंनी तपासणी केली. उकळलेल्या बाटलीतला पारा जागच्या जागी. दुसरीतला बराचसा सील न तोडता फरार! पोलिसांच्या ताब्यातून आरोपी पळाला आणि अंमलदाराला आनंद झाला, असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं. चोरी झालीच नाही, असा अहवाल मी त्याच दिवशी धाडला.

घाबरलेला माणूस काहीतरी वेड्यासारखं बोलतो, ते आधी पुरतं ऐकून घ्यावं, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या पोराला सांगत आलो.

हुकूम आला तेव्हा शिपाई पेढे घेऊन ठाण्यात आला. डोळे भरलेले, पण हवालदारासमोर पुडा धरताना गालात हसत होता.

"स्वल्प घ्या, हवालदारसाहेब. एरंडेल घातलेलं नाही."

हवालदारानं पेढा उचलला, हुंगला आणि गुपचूप खिशात टाकला.