भाईंच्या लाँचचा शाफ्ट

मिरकरवाड्याच्या वाटेवर माझं लेथचं लहानसं वर्कशॉप आहे. मासेमारीच्या लाँचींचे शाफ्ट आणि पंखे हेच रोजचं काम. रिमोटवर चालणाऱ्या छोट्या होड्यांचा नाद मला शेजारच्या भाईंनी लावला. जहाजावर इंजिनखात्यात जन्म काढलेला माणूस. होडी ते बनवायचे, मोटारीपासून पंख्यापर्यंत जाणारा शाफ्ट मी.

गेल्या वर्षी भाई अचानक गेले. चाळिसावा झाल्यावर भाभी वर्कशॉपात आल्या, चादरीत गुंडाळलेली अर्धवट लाँच घेऊन.

"भाऊ, ही चालती करून द्या."

"शोभेला ठेवलीत तरी छान दिसेल, भाभी."

"शोभेला नको. पाण्यात सोडायला बनवलीय त्यांनी."

भाईंनी मोटार पार पुढे बसवली होती. तयार शाफ्ट तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. मी स्टीलची बारीक सळई कापली, पितळी नळीत घातली, दोन्ही टोकांना सळईला आधार देणारे बुश बसवले. टबात मोटार सुरू केली, तर सगळी लाँच ताप चढल्यासारखी थरथरायला लागली. सळई काढून काचेवर फिरवली. मधोमध किंचित वाकलेली. सरळ होईना, म्हणून टाकून दिली आणि दुसरी घेतली. या खेपेला नळीच्या मध्येही एक बुश दिला. काम करताना एकदा तोंडातून निघून गेलं, "भाई, बघा जरा." मग ग्रीस भरलं, बटण दाबलं. शाफ्ट अगदी मुकाट फिरू लागला. भाईंच्या मयतीला खांदा देताना डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. त्या दिवशी लेथजवळ बसून रडलो.

भरतीच्या वेळी आम्ही भाट्याच्या खाडीवर गेलो. भाभींनी रिमोट पहिल्यांदाच हातात घेतला होता. लाँच काठापासून सुटली, सरळ निघाली, लहान लहान होत गेली.

"भाभी, वळवा आता. रिमोटच्या टप्प्याबाहेर जाईल."

"जाऊ दे जराशी." त्यांची नजर हलत नव्हती. "त्यांचं जहाज मुंबईहून सुटायचं, भाऊ. मी इथे दारातूनच माघारी फिरायची. सुटताना कधी बघितलंच नाही."

लाँच ठिपक्याएवढी उरली तेव्हा त्यांनी रिमोटची दांडी हळूच फिरवली. लाँच काठाला लागली तेव्हा त्या साडीसकट गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि दोन्ही हातांनी ती उचलून घेतली.