त्रेसष्टची छत्तीस

साठच्या दशकात मी नंदुरबारच्या तारघरात नोकरीला होते. आलेली तार अक्कलकुव्याची असली, की ती टेलिफोनवरून तिथल्या पोस्टातल्या बाईला वाचून दाखवायची. आम्ही एकमेकींना पाहिलं नव्हतं. मी तिला ‘अक्कलकुवा’ म्हणायची, ती मला ‘नंदुरबार’.

एकदा सुरतच्या दवाखान्यातून एका शेतकऱ्यासाठी तार आली: आईला दाखल केलंय, खाट ६३, लगेच या. मी फोनवर “त्रेसष्ट” म्हटलं. लाइनला खरखर होती. तिने ऐकलं तसं उतरवलं, आधी तीन, मग साठातले सहा. कागदावर झाले छत्तीस.

तो बिचारा सुरतेला पोचला, तर छत्तीस नंबरच्या खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली. आई गेली असं समजून तो पायरीवर बसून रडत राहिला. शेवटी एका नर्सने नाव विचारून त्याला आईकडे नेलं. परतताना तो नंदुरबारला उतरला आणि आमच्या खिडकीशी येऊन कागद पुढे केला.

“बाई, हाऊ आकडा कोनी उलटा कया?”

रागावला असता तर बरं झालं असतं. मी तिथूनच अक्कलकुव्याला फोन लावला.

“मन्ही चूक शे,” ती लगेच म्हणाली.

“तुझी एकटीची नाही गं. बोलताना आपण लहान आकडा आधी बोलतो आणि लिहिताना मोठा आधी लिहितो. यापुढे सुटे आकडे सांगायचे, मोठ्या घराचा आधी. सहा, तीन. आणि तू मला परत म्हणून दाखवायचं.”

“सहा, तीन.” मग तिने विचारलं, “त्यानी माय बरी शे ना?”

माझी मुलगी आता संगणकांच्या आपसातल्या बोलण्याचे प्रोग्रॅम लिहिते. तिथेही काही यंत्रं आकड्याचा लहान भाग आधी ठेवतात, काही मोठा, म्हणून एकमेकांना तारेवरून पाठवताना मोठा आधी असं सगळ्यांनी ठरवून घेतलंय. ती हे समजावत होती आणि मला तो खरखरता आवाज ऐकू येत होता.

तेव्हा आकडे परत म्हणता म्हणता अक्कलकुव्याशी माझं बोलणं वाढलं. मोहाची फुलं पडायला लागली, मोलगीच्या बाजाराला जाऊन आले, असं ती सांगायची. “होळीले ये वं,” दर वर्षी म्हणायची. मी दर वर्षी हो म्हणायची आणि जायचं राहून जायचं.

एका सकाळी फोनवर पुरुषाचा आवाज आला. तिच्या नवऱ्याची बदली झाली होती, तीही गेली होती. निरोप ठेवला नव्हता. कुणाच्या नावाने ठेवणार?

त्या होळीला मी एस.टी.ने अक्कलकुव्याला गेले. पोस्टात तो नवा कारकून होता. ती दिसायला कशी होती, एवढंच मी विचारलं.

“चांगल्या उंच होत्या,” तो म्हणाला.

इतकी वर्षं मी तिला ठेंगणी समजत होते.