न रापलेला खलाशी

आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. लग्न झालं तेव्हा हे नौदलात होते, इंग्रजांनी मागे ठेवलेल्या एका जुन्या बोटीच्या इंजिनखान्यात. सुट्टीवर मालवणला आले की ओटीवर बसून त्या बोटीची सगळी दुखणी सांगायचे. कुठला पाइप गळतो, कुठला पंप रडतो, कुठला साहेब आंधळा आहे. ऐकणारे कंटाळून उठून जात, तरी ह्यांचं चालूच. गोव्याची लढाई तर दोन दिवसांत आटोपली, पण ह्यांनी ती आम्हाला सबंध सुट्टीभर पुरवली. मी वैतागायची आणि म्हणायची, देवा, ह्या माणसाला जरा गप्प बसव. देवानं ऐकलं, पण असं ऐकेल हे कुठे ठाऊक होतं!

पासष्टची लढाई झाली आणि त्यानंतरच्या सुट्टीला हे आले ते मुके होऊनच. कुठल्या बोटीवर आहात विचारलं, तर म्हणाले, बदली झाली. कुठे? सांगता येत नाही. परत कधी? तेही सांगता येत नाही. शेजारच्या देशानं पाण्याखालून जाणारी बोट आणली, आपलं नौदल मागे पडलं, असं बाजारात लोक बोलत होते, पण त्याचा आणि माझ्या नवऱ्याच्या तोंडाला लागलेल्या कुलपाचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात कसं यावं? बाईच्या डोक्यात आधी बाईच येते. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

गेले, आणि वर्ष उलटून गेलं तरी फिरकले नाहीत. पत्रं यायची ती दोन ओळींची, मी मजेत आहे, काळजी नसावी. तिथे ऊन आहे की पाऊस, जेवायला मासे मिळतात की नाही, एक अक्षर नाही. ज्या माणसानं मला पंपाच्या वॉशरची गोष्ट तासभर सांगितली होती तो आता हवापाणीसुद्धा लपवत होता. शेजारणीचा नवरा मुंबईला गोदीत होता, त्यामुळे बोटीवरच्या पुरुषांबद्दलचं सगळं ज्ञान तिच्याकडे. ती म्हणाली, बोटवाल्यांचं बंदर तिथे घर असतं, तू अजून भोळीच. मी तिला तोडून बोलले, पण रात्रभर तेच डोक्यात. मग ठरवून टाकलं, खरं निघालं तर पोराला घेऊन कट्टा गावी माहेरी जायचं, आणि पुन्हा ह्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही.

शेवटी सासूबाईंनी ग्रामदेवतेला कौल लावायचा म्हटलं. ओल्या पाषाणाला दोन्ही अंगांना तांदूळ चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठला दाणा पडतो ते बघायचं. आमच्याकडे माणूस परमुलखात गेला की पहिला प्रश्न ठरलेला. गुरवानं तोच घातला. दर्यावर असेल तर उजवा दाणा दे, जमिनीवर असेल तर डावा दे. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. आम्ही बसलो. पाषाणावरचं पाणी सुकलं, बायकांच्या मांड्यांना मुंग्या आल्या, पण एक दाणा हलेल तर शपथ. गुरवानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, घरात कायतरी लपवलेला आसा, म्हणान देव बोलत नाय. झालं! सगळ्या देवळाचे डोळे माझ्यावर. दर्यावर नाही, जमिनीवर नाही, मग माणूस आहे कुठे? घरी येईपर्यंत वाटेतल्या बायकांनी त्याचं उत्तरही शोधून ठेवलं होतं, तुरुंगात. मला तुरुंग चालला असता. खरंच सांगते, मला तुरुंग चालला असता.

आणि एका दुपारी हे एसटीतून उतरून दारात उभे. पोरगा ओळखेना. मीही क्षणभर ओळखलं नाही, कारण हे गोरे झाले होते. पूर्वी येत तेव्हा उन्हानं करपून काळेठिक्कर असत. आता बाळंतिणीसारखे फिकट. खलाशी माणूस आणि अंगाला ऊन लागलेलं नाही? मग हा इतके दिवस कुणाच्या माजघरात बसला होता? सासूबाई मीठमोहऱ्या ओवाळून डोळे पुसत होत्या आणि मी ह्यांच्या कोपरापर्यंतचे हात न्याहाळत होते.

ट्रंकेतून केसाळ टोपी निघाली, कानांवर ओढायची. आमच्या मालवणात! मग पोराला म्हणून एक लाकडी बाहुली निघाली, डोक्याला लाल रुमाल, गालांवर लाली, एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. आमच्याकडे लाकडी खेळणी म्हणजे सावंतवाडीची, म्हणून सासूबाई म्हणाल्या, सावंतवाडीक गेल्लंस काय रे? हे नुसते हसले. मी ती बाहुली हातात घेऊन त्या रंगवलेल्या तोंडाकडे बघत राहिले. असली रंगरंगोटी कुणाला बघून करतात ते मला कळत होतं.

त्यात ह्यांच्या रीतीही बदललेल्या. तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायचे. विहीर भरलेली असताना! कपड्यांना डिझेलचा वास, दोनदा सोड्यात उकळले तरी जाईना. आणि दुपारी माशाची कढी आणि भात जेवून आडवे झाले की झोपेत बडबडायचे. ती बडबड मालवणी नव्हे, मराठी नव्हे, इंग्रजीही नव्हे. कधी ऐकली नव्हती अशी खरखरीत भाषा. नवरा झोपेत परक्या भाषेत बोलतो, ती त्याला शिकवली कुणी? मी मोरीत जाऊन भांडी आपटली. जागे झाले, पण ताकास तूर लागू देईनात. विचारू नको, एवढंच.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी पोराचे कपडे बोचक्यात बांधायला घेतले. हे दारात आले, बोचकं बघितलं आणि बाहेर गेले. बाजारातून वर्तमानपत्र घेऊन आले आणि माझ्यासमोर धरलं. फोटोत पाण्यातून काळी पाठ वर आलेली, सुसर असते तशी, आणि तिच्यावर रांगेनं माणसं उभी.

‘‘आता पेपरात इला. आता तुका सांगूक हरकत नाय. मी हिच्यात असतंय. पाण्यार नाय, पाण्याखाली.’’

मला देवळातले ते न हललेले तांदूळ आठवले. दर्यावर नाही, जमिनीवर नाही. मग ह्यांचं तोंड सुटलं, अगदी पूर्वीसारखं. रशियात होते. बर्फात, तिथल्या मास्तरांकडे त्यांची भाषा शिकले, कारण बोटीवरची सगळी अक्षरं त्याच भाषेत. आत खिडकी नाही, ऊन नाही, एकमेकांच्या अंगाला अंग घासून माणसं झोपतात, गोडं पाणी मोजून. शेजाऱ्यानं आधी आणली, आपण मागे राहून चालणार नव्हतं. आता बोट आणून विशाखापट्टणच्या बंदरात लावली होती. हे बोलत होते आणि मला वाटत होतं, सुटले बाई! हसू येत होतं, रडूही येत होतं. बोचकं सोडायला घेतलं. सोडता सोडता म्हटलं, सरकार तरी कसलं निर्दय, पोराबाळांच्या माणसाला असल्या पेटीत कोंबतं. तुम्ही नाही म्हणायचं होतंत.

हे खाली बघून म्हणाले, ‘‘कोणाक कोंबूक नाय, गो. हिच्यार जबरदस्तीन कोणाक घेनत नाय. इचारल्यानी तेवा पयलो हात माझो वर गेलो.’’

मी विचारलं, मला विचारल्याशिवाय?

‘‘तुका इचारलां असतां तर तू जा म्हटलां असतंस?’’

नाही म्हटलं असतं. सात जन्म नाही म्हटलं असतं, आणि हे ह्यांना ठाऊक होतं. बोलताना डोळे कसे चमकत होते ते मी आत्ताच पाहिलं होतं. लग्नात माझ्याकडे बघतानाही इतके चमकले नव्हते. मी इतके दिवस जिचा संशय घेत होते ती होतीच. बाई असती तर विशाखापट्टणला जाऊन तिच्या झिंज्या धरल्या असत्या, चार लोकांत तिची शोभा केली असती. हिचं मी काय करणार होते? सुट्टी संपली तेव्हा हे नव्या नवऱ्यासारखे घाईघाईनं ट्रंक भरायला लागले आणि मी त्यांचे कपडे घडी करून हातात देत गेले.