दुभाजकावरचा विसावा

आईला सकाळी नऊच्या सुमारास घराबाहेर काढलं. आमचं गाव गव्हाणच्या बाजूला. स्मशान खाडीकडे, आणि मध्ये आता सहापदरी रस्ता. मी नोकरीमुळे पनवेलला राहतो. पुढे किती गाड्या वाढतील, कोंडी कुठे होईल, याचे अंदाज बांधणं हेच माझं काम. हा रस्ता रुंद करण्याआधीचा अहवालही आमच्याच कार्यालयाचा, आकडेमोड माझी. रुंद झाल्यापासून तो मी पायी कधी ओलांडला नव्हता.

मोठा मुलगा म्हणून विस्तवाचं मडकं घेऊन मी सर्वांत पुढे होतो. कडेला येऊन थांबलो, तसे मागचेही थांबले. डंपर, बस, विमानतळाकडे निघालेल्या मोटारी. फट म्हणून दिसेना.

"थांबून काय व्हनार नाय," काका म्हणाले. "तू चाल. इसावा मधी घेऊ."

मधी म्हणजे कुठे, मला कळेना. कसाबसा अर्धा रस्ता पार झाला आणि खांदेकऱ्यांनी आईला दुभाजकावर टेकवलं. अगदी सवयीने. तेवढ्या जागेतली कण्हेरीची झुडपं आधीच तुडवून सपाट झाली होती. तिरडी वाटेत एकदाच टेकवायची, ती विसाव्याला. आमची विसाव्याची जागा रुंदीकरणात गेली होती. पुढचे खांदेकरी मागे गेले, मागचे पुढे आले. दोन्हीकडून गाड्या सुसाट जात होत्या. आईच्या अंगावरचं वस्त्र उडू लागलं, ते चुलतभावाने हाताने दाबून धरलं.

"कधीपासून असं करता?" मी विचारलं.

"रस्ता झाला तवापासून. तू सायब मानूस, तुला कसा ठाव असंल?" तो म्हणाला. "तुज्या कागदात आमी हाव का नाय?"

होते. जुन्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या मोजणीत एका तासापुढे शेरा होता : अंत्ययात्रा. मोजणीला नेहमीसारखा दिवस लागतो. म्हणून मी तो तास काढून टाकला आणि आधीच्या-नंतरच्या तासांची सरासरी भरली. नियमाने ते बरोबरच होतं. अहवालात लिहिलं, पायी ओलांडणारे : नगण्य. गेलं कोण, हे घरी फोन करून विचारावंसंही मला वाटलं नव्हतं.

"चल आता, इस्तू इजंल," काका ओरडले. "आनि पाठी बघायचा नाय."

समोर आणखी तीन पदर. माणसाला रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात, ते मला पाठ आहे. चौघांच्या खांद्यावरच्या माणसाला किती लागतात, ते कुठल्याच कोष्टकात नाही. मी पाऊल टाकलं.

एक ब्रेक किंचाळला. मग मागच्या साऱ्यांचे हॉर्न. रामनामाचा गजर मध्येच तुटला. मी चालत राहिलो, पलीकडच्या मातीवर पोचलो आणि मडकं घट्ट धरून उभा राहिलो. मान वळवायची नव्हती. कुणीतरी ड्रायव्हरला सणसणीत शिवी हासडली. आवाज काकांचा होता. आणि त्याच आवाजात, धापा टाकत, अगदी माझ्या पाठीशी, "श्रीराम जयराम" पुन्हा सुरू झालं.

तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. आई रस्ता ओलांडून आली होती.