मुखपृष्ठावर आबा

मी गोष्टी लिहिते हे आमच्या दोन्ही घरांत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि वाचत मात्र एकही जण नाही. हे मी रागानेच सांगते आहे. माहेर धुळ्याजवळच्या एका गावात, सासर जळगावात, मधे पारोळा-एरंडोलपर्यंत नातेवाईक पेरलेले. पण माझी गोष्ट उघडायची म्हटली की सगळ्यांचे चष्मे हरवतात. लग्नकार्यात भेटले की विचारणार, "काय म्हणतं मग लिखाण?" लिखाण काय म्हणणार, कपाळ माझं.

लिहिते मोबाईलवरच्या एका अ‍ॅपवर. तिथे कुणीही लिहावं, कुणीही वाचावं. लिहून झालं की अ‍ॅप गोड बोलून कामाला लावतं: कथा मित्रपरिवारात पाठवा, स्टेटसला ठेवा, ग्रुपवर टाका, वाचक वाढवा. म्हणजे स्वयंपाकही मीच करायचा आणि गल्लीत फिरून 'जेवायला चला' अशा हाकाही मीच मारायच्या. सुरुवातीला लाजले, मग लाज सोडली. माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, सगळीकडे लिंक टाकायची आणि खाली लिहायचं, 'वाचून अभिप्राय नक्की कळवा.' कळवतंय कोण. पाच मिनिटांत कुणीतरी केळीच्या भावाचा मेसेज टाकणार, की माझी गोष्ट गेली वर.

आम्हा लिहिणाऱ्या बायकांचाही एक ग्रुप आहे. तिथला कारभार लग्नातल्या आहेरासारखा. तू मला पाच तारे दे, मी तुला पाच देते. मी गोष्ट टाकली त्याच मिनिटाला एकीचा अभिप्राय येतो, 'अप्रतिम, डोळ्यांत पाणी आलं, माझीही नवी कथा वाचा.' अगं बाई, वीस पानांची गोष्ट आहे, एका मिनिटात तुझ्या डोळ्यांत पाणी आलं कुठून? पण मी तरी कुठली साधी. तिच्या भुताच्या गोष्टीला मी न वाचता 'हृदयस्पर्शी' लिहून आले होते.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. पण गेल्या वर्षी एक गोष्ट लिहिली, ती तशी नव्हती. ती एका बापाची होती. बाप म्हणजे आमचे आबाच, फक्त गाव बदललं होतं. बाप मुलीला खांद्यावर घेऊन बैलपोळ्याला जातो, तिच्या गोवरात रात्रंदिवस बसून राहतो, सगळं सगळं खरं लिहिलं. आणि मधल्या दोन पानांत तेही लिहिलं जे मी तीसेक वर्षं कुणाला बोलले नव्हते.

मी धुळ्यातल्या देवपुरात कॉलेजला होते. रोज गावाहून एस.टी.ने जायचे. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या अंकात माझा एक लेख छापून आला. मी तो अंक हौसेने घरी आणला. चुलत्यांनी चाळला आणि आबांना म्हणाले, पोरगी लिहायला लागली, आता ऐकायची नाही. आबांनी लेख वाचला नाही. अंक कोनाड्यात ठेवला आणि म्हणाले, उद्यापासून कॉलेज बंद. एवढंच. ओरडले नाहीत, मारलं नाही. मी जेवले नाही तर स्वतः ताट घेऊन आले, घास भरवला, आणि कॉलेजचं नाव काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी जळगावला नांदायला आले. त्या घासाचा राग अजून माझ्या घशात आहे. ती दोन पानं लिहिताना मी रडले, आणि ती आबांनी एकदा वाचावीत एवढ्यासाठीच मी ती गोष्ट लिहिली. बाकीच्या जगाने नाही वाचली तरी चालेल, असं तेव्हा वाटलं होतं.

गोष्टीला मुखपृष्ठ लागतं. अ‍ॅपमधे फुकटची चित्रं असतात, पण म्हातारा शोधला की एक तर हॅटवाला साहेब येतो, नाहीतर पगडीवाला सरदारजी. आमच्याकडचा टोपी-धोतरातला म्हातारा कुठेच नाही. म्हणून मी भाच्याच्या लग्नातला आबांचा फोटो घेतला. मागे मांडवाचं भडक गुलाबी कापड होतं, ते चांगलं दिसेना, म्हणून फोटो काळा-पांढरा केला. मग फारच उदास वाटला, म्हणून कडेने झेंडूच्या फुलांची चौकट लावली. झेंडूची. आता कुणीही कपाळावर हात मारील, पण तेव्हा मला ती फार शोभून दिसली.

सकाळी सगळ्या ग्रुपांवर लिंक टाकली. लिंक टाकली की आधी चित्रच मोठं दिसतं. मी कणीक मळायला घेतली तोवर फोन वाजायला लागला. बघते तर माहेरच्या ग्रुपवर जोडलेले हात. एक, दोन, पाच, मग रांगच लागली. सासरच्या ग्रुपवरही तेच. पारोळ्याच्या मामांनी लिहिलं होतं, 'शब्द नाहीत.' कधी माझ्या लिंककडे ढुंकून न बघणाऱ्या चुलतभावाने लिहिलं, 'फार मोठा माणूस.' माझं मन भरून आलं हो. म्हटलं, वाचली. शेवटी माझ्या माणसांनी माझी गोष्ट वाचली. कणकेच्या हातांनी मी एकेकाच्या खाली लिहीत सुटले, 'मनःपूर्वक आभार', आणि पुढे माझेही जोडलेले हात.

झालं. लेकीनेच आभार मानले म्हटल्यावर शंका घ्यायला जागाच राहिली नाही. माझ्या भावाला लोकांनी फोन लावून पाहिले, पण तो शेतात विहिरीपाशी होता, तिथे रेंज येत नाही. फोन लागत नाही म्हणजे तिकडे गडबड चालू असणार, असा सगळ्यांनी अर्थ काढला. मी फोन चार्जिंगला लावून स्वयंपाकाला लागले, आणि इकडे लोक निघाले.

आमच्याकडे माणूस गेलं की दारावर जातात. लग्नाला नाही गेलं तर चालतं, पण दारावर जायलाच हवं, नाहीतर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं. नशिराबादला माझ्या आत्यासासूबाई राहतात. त्यांनी तासाभरात एक जीप ठरवली, भावकीतल्या बायका गोळा केल्या आणि धुळ्याची वाट धरली. मला फोन केला नाही, कारण लेक आधीच बापाच्या उशाशी गेली असणार. रीत अशी की गल्लीच्या तोंडाशी उतरायचं आणि तिथूनच गळा काढत घरापर्यंत यायचं. त्यांनी काढला.

आबा घरात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. रडणं ऐकून त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि कुणाचं काय झालं बघायला ओट्यावर आले. बायका दाराशी पोचल्या तसे म्हणाले, "कोन गयं वं माय?" आत्यासासूबाई जागच्या जागी मटकन खाली बसल्या. मागून दुसरी जीप आली, ती पारोळ्याची.

मला कळलं ते भावाच्या फोनवरून. तो मला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. अक्का-अक्का करणारा माझा भाऊ, पण त्या दिवशी त्याने माझी सालटीच काढली. वहिनीला दोन जिपांच्या माणसांची शेवभाजी आणि पोळ्या करायला लागल्या, त्यावरून ती वेगळीच. मी म्हटलं, "अरे, पण आत काय लिहिलंय ते तरी बघायचं होतं कुणी." तर म्हणाला, "बघायचं काय त्यात? फोटो दिसला ना." मग मला दोन्ही ग्रुपांवर माफी मागायला लावली: आबा सुखरूप आहेत, गैरसमजाबद्दल क्षमस्व. तो मेसेज मात्र लोकांनी वाचला. अंगठेच अंगठे.

अ‍ॅपवर तर जत्रा भरली. एवढा गोंधळ कशामुळे झाला ते बघायला जो तो गोष्ट उघडत होता. अ‍ॅपने मला अभिनंदन पाठवलं, तुमची कथा चर्चेत आहे. कोण किती वाचून गेलं तेही अ‍ॅप दाखवतं. सगळे पहिल्या पानावरून परतलेले. फोटो पाहायचा, हसायचं आणि निघायचं. सासरच्या एका शहाण्याने तिथे अभिप्रायही लिहिला, 'वहिनी, पुढचा नंबर कुणाचा?'

दुसऱ्या दिवशी मी पहिली बस धरून माहेरी गेले. भाऊ ओट्यावरच भेटला. आत यायच्या आधीच म्हणाला, ती गोष्ट काढून टाक. मी म्हटलं, फोटो काढते, गोष्ट राहील. तो तोंड फिरवून शेतात निघून गेला.

आबा मात्र खुशीत ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. माझ्या अंगावर कुणी धावून यायच्या आत त्यांनी मला शेजारी बसवलं आणि कोण कोण आलं होतं ते सांगायला लागले. नशिराबादवाली केवढ्यांदा रडली. त्यांच्या ज्या चुलतभावाशी बांधावरून बोलणं बंद होतं तोही रडारड ऐकून धावत आला आणि त्यांना जिवंत बघून गळ्यातच पडला. "बठ्ठा ऊनात," ते म्हणाले, सगळेच्या सगळे आले. हे भाग्य किती जणांना मिळतं, जाऊन यायचं आणि कोण आलं तेही बघायचं. फोटो त्यांनी डोळ्यांशी धरून निरखला. म्हणाले, चांगला शे, खरी वेळ ऊनी का हाउच लावज्यात, म्हणजे खरोखर गेलो की हाच लावा. मला हसूही येईना.

मग तेच म्हणाले, "वाच बरं, काय लिखेल शे ते."

त्यांना मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा राहिलाय. वहिनी मागच्या दारी भांडी घासत होती. ओट्यावर आम्ही दोघंच. एवढ्या गावांत एकाही माणसाने जे म्हटलं नव्हतं ते आबांनी म्हटलं होतं, वाच.

मी वाचायला लागले. बैलपोळ्याशी ते हसले. गोवराशी मान हलवत राहिले, म्हणाले, असंच व्हतं. मी अधूनमधून त्यांच्याकडे बघत होते. गालफडं बसलेली, मान थोडी कापते, आणि काल दोन जिपा भरून माणसं रडून गेल्यामुळे चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखं समाधान. पुढचं पान कॉलेजचं होतं. मी श्वास घेतला, बोट फोनवर ठेवलं, आणि ते बोट सरकत गेलं. ते पान गेलं, त्याच्यापुढचंही गेलं. मी एकदम मुलीच्या लग्नावर आले आणि तिथून शेवटापर्यंत न अडखळता वाचलं.

शेंगांची टरफलं आबांनी एका जागी गोळा केली.

"झायी?"

"झाली, आबा."

"कॉलेजनं नही लिखं का?"

म्हणजे ते विसरले नव्हते. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांच्या लेखी ती काही गोष्टच नव्हती, झाली आणि संपली. आणि ते इथे बसून त्याच पानाची वाट बघत होते, कालपासून नाही, कदाचित मी लिहायला लागले तेव्हापासून.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता, आणि मला तो झटकून टाकावासा वाटला.

"बरं करं, नही लिखं ते," आबा म्हणाले, आणि वहिनीला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.