सरांचे एकेचाळीस वाचक

"उभी राहा गं जरा. लोकांना दिसू दे."

सर माईकवरून बोलले आणि मी उभी राहिले. परभणीतला हॉल, सरांच्या नव्या पुस्तकाचं प्रकाशन. खुर्च्या मीच मांडल्या होत्या. हारही मीच आणले होते. दाराजवळ, शेवटच्या रांगेत बसले होते.

"ही आमच्या गावच्या वाचनालयात असते. बाप मेंढरं राखतो. हिनंही पुस्तक लिहिलंय म्हणे. मला वही आणून दिली." सर थांबले. "आता मेंढरांमागं फिरणारेही लिहायला लागले, तर वाचायचं कुणी? मेंढरांनी?"

हॉल हसला. मीही हसले. त्यांच्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या हसण्याची लाज मला आजही जास्त वाटते.

मग सर गंभीर झाले. लिहिणारे फार झालेत, म्हणाले. वाचक आहे तेवढाच आहे, आणि तो शहाणा आहे, पाहिजे तेच उचलतो. पुरावा म्हणून आमच्याच वाचनालयाचा दाखला दिला. त्यांचं आधीचं पुस्तक एकट्या आमच्या खेड्यात गेल्या वर्षी एकेचाळीस जणांनी नेऊन वाचलं होतं. रजिस्टरला तशी नोंद होती. टाळ्या पडल्या. मी अजून उभीच होते. बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

ते एकेचाळीस जण म्हणजे मी.

नीट सांगते. सर निवृत्त प्राध्यापक, राहायला परभणीत, पोखर्णीजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयाचे अध्यक्ष. मी तिथली ग्रंथपाल. म्हणजे झाडायचं, पेपर लावायचे, संध्याकाळी कुलूप घालायचं. पेपर वाचायला तीन म्हातारे यायचे. पुस्तकाला हात लावणारं कुणी नाही. पण वर्षातून एकदा तपासणी असते. रजिस्टरात वाचक दिसले नाहीत तर अनुदान जातं. म्हणून आधी सरांचा फोन यायचा, रजिस्टर भरून ठेव. मग मी चार दिवस बसायचे. समोर मतदार यादी, हाताशी पाच पेनं. सही कधी उजव्या हातानं, कधी डाव्या. आमच्या गावातला माणूस मेल्यावरही दोन-तीन वर्षं वाचत राहायचा. माझा बाप अंगठा लावतो. त्याला मी ललित निबंध दिले होते वाचायला.

अध्यक्षांच्याच पुस्तकापुढं नावं कमी दिसू नयेत म्हणून गेल्या वर्षी त्यावर जरा जास्त टाकली. चांगुलपणानं टाकली. सरांनी रजिस्टर चाळलं, खूश झाले. बाकीचे सगळे वाचक खोटे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःचे तेवढे खरे वाटले.

त्यांचं पुस्तक गावात खरोखर एकाच माणसानं वाचलं होतं. मी. दोनदा.

हॉलमध्येच हे बोलायला हवं होतं. बोलले नाही. खुर्च्या गोळा केल्या. गोळा करताना पाहत होते. जो तो पिशवीतून आपण लिहिलेलं पुस्तक काढून दुसऱ्याच्या हातात देत होता. घेणारा लगेच आपलं काढायचा. पुस्तकं या पिशवीतून त्या पिशवीत गेली. सर त्या बाबतीत खोटं बोलले नव्हते. तिथं सगळे लिहिणारेच होते.

निघताना सरांनी माझी वही परत दिली. आधी वाचायला शीक, म्हणाले. ती वही मी वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांसारखी घरीच शिवली होती, खळ लावून पुठ्ठा चिकटवला होता. खळ आत उतरून चौथं आणि पाचवं पान एकमेकांना चिकटलं होतं. ते तसंच चिकटलेलं परत आलं.

घरी मायला सगळं सांगितलं. ती कोकरांना पाला टाकत होती.

"लोकं हासले. मंग तू काय केलंस?"

"मी बी हासले."

माय पाला टाकत राहिली. माझ्याकडं पाहिलंही नाही तिनं.

यंदाही फोन आला. परवा तपासणी, रजिस्टर भरून ठेव. सरांशी मी नेहमी जपून, पुस्तकी बोलायचे. त्या दिवशी घरचं बोलले.

"भरलंय सर. यंदा खरं भरलंय. जे आलं त्याचंच नाव. एकच हाय, माझं."

मला वाटलं अनुदानाचं विचारतील, वाचनालयाचं विचारतील.

"आणि माझं पुस्तक?" सरांनी विचारलं.

"यंदा कुणीच न्हाई नेलं. मागच्या साली एकट्या मीच वाचलं होतं, सर. ते एकेचाळीस बी मीच."

फोन कट झाला.

पुढं व्हायचं तेच झालं. अनुदान गेलं, माझी नोकरी गेली, वाचनालयाला सरांचं कुलूप लागलं. पुस्तकं आत आहेत, उंदीर वाचत असतील. त्या तिघांपैकी एक म्हातारा रस्त्यात भेटला. "तुझ्यापायी पेपर गेला आमचा," म्हणाला. खरं आहे ते. सरांचं आणखी एक पुस्तक यायलंय, असं ऐकते. त्याचंही प्रकाशन होईल, खुर्च्या दुसरं कुणी मांडेल.

मी आता बापाबरोबर मेंढरं घेऊन देवगाव फाट्याच्या बाजूला असते. वही पिशवीत आहे. चिकटलेली पानं मी सोडवली नाहीत. माय एकदा म्हणाली, "एवढं लिवायलीस, वाचनार कोन हाय?"

"कुणीच न्हाई," मी म्हटलं.

वाचक नाहीत, हे मला सरांपेक्षा चांगलं कळतं. ते रजिस्टर मी भरत होते. उद्या येतील असंही मला वाटत नाही. तरी मी लिहिणार. पण कुणाचा वाचक म्हणून खोटी सही आता या हातानं होणार नाही. सरांसाठी नाही. माझ्या वहीसाठीही नाही.