माउसचा धुरकरी

लाखनीहून आलेल्या त्या कॉम्प्युटरवाल्याच्या कानामागे स्क्रू पिळायचा पेचकस होता. तो त्याने शेवटपर्यंत वापरला नाही.

धानविक्रीच्या नोंदणीचा शेवटचा दिवस होता आणि आमच्या माउसचं डावं बटण उजव्याचं काम करत होतं. नवा माउस आणला, तोही तसाच.

त्याने माउसची पाठ थोपटली. "बैल चांगले हायेत भाऊ. सेटिंगमंदी कोनी डावा उजवीकडं जुंपला. घरात डावखुरं कोन हाये?"

बायको डाव्या हातात पोळी उलटायचा सराटा घेऊन स्वयंपाकघरातून आली. "मीच केलं. मले तसंच जमते."

"पहिल्यासारखं करून द्या," मी म्हणालो.

"कायले? गाडी हाकाले धुरकरी भेटला ना." त्याने माउस तिच्यापुढे सरकवला. "तुमी आता मांगं बसा."

फॉर्म पाच मिनिटांत गेला. मी अजून मागेच बसतो.